मानेसाहेबांची हिरवळ

मानेसाहेबांच्या घरी पायांतलं दोनदा काढावं लागतं. पहिल्यांदा पुढच्या दाराशी, घरात शिरताना. ते आपल्याकडे सगळेच करतात. दुसऱ्यांदा मागच्या दाराशी, घरातून बाहेर पडताना. कारण मागच्या दाराबाहेर त्यांची हिरवळ आहे, आणि आत घालायला दिलेल्या सपातासुद्धा तिच्यावर चालत नाहीत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मार्च महिना होता. हातात चहाचा कप घेऊन मी ओल्या मोज्यांनी उभा होतो. “थंडी मुळातच मनात असते,” माने म्हणाले. ते स्वतः अनवाणी होते आणि त्यांच्या पायाची बोटं जांभळी पडली होती.

डब्लिनच्या सिटीवेस्टमध्ये आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. मागच्या अंगणांमध्ये छातीएवढं लाकडी कुंपण. त्यामुळे मानेसाहेबांच्या आयुष्यातलं मला नको तितकं दिसतं आणि सगळंच ऐकू येतं.

‘मुळातच’ हा त्यांचा लाडका शब्द. इथला चहा मुळातच पांचट आहे, मुलीचे उच्चार मुळातच बिघडलेत आणि मी दाढी मुळातच ठेवायला नको होती. माणूस मूळचा कऱ्हाडजवळचा. पण पाचवीपासून पुण्याच्या वसतिगृहात वाढलेला. त्यामुळे बोलणं असं घोटीव, की मी सदाशिव पेठेतला असून त्यांच्यासमोर जपून बोलतो. एकदा मी सहज म्हणालो, “गवत छान आलंय तुमचं.” त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “कुलकर्णी, गवत जनावरं खातात. ही हिरवळ आहे.”

आयर्लंडमध्ये वसंत ऋतू एक फेब्रुवारीला सुरू होतो असं इथले लोक मानतात. आभाळाला हे कुणी कळवलेलं नाही. पण मानेसाहेबांनी ते मनावर घेतलंय. त्या दिवशी गारा पडत असल्या तरी ते दाताळं घेऊन बाहेर येतात आणि शेवाळ खरवडायला लागतात. इथल्या ओलीत हिरवळ निम्मी शेवाळाचीच असते. त्यांचा कचऱ्याचा डबा भरला की ते कुंपणावरून माझ्या डब्याकडे प्रेमाने बघतात.

मग जमिनीला भोकं पाडायची, म्हणजे मुळांना हवा मिळते. त्यासाठी त्यांनी बुटांखाली बांधायचे खिळ्यांचे तळवे मागवले होते. ते घालून दहा पावलं गेले आणि अकराव्याला रुतले. ना पुढे, ना मागे. मी कुंपणावरून उडी मारून त्यांना काखेत धरून उपटलं. त्यांची मुलगी सई खिडकीतून ओरडली, “डॅड, इट्स ओन्ली ग्रास, लाइक!”

“हिरवळ!” मानेसाहेब माझ्या काखेतून म्हणाले.

तण मात्र त्यांना मुळातच नव्हे, मुळातून खपत नाही. आधी औषध मारायचं, मग उरलंसुरलं सुरीने मुळासकट काढायचं. या उद्योगाची मी कुंपणाआडून यथेच्छ चेष्टा करत आलो होतो. गेल्या वर्षी ती बंद झाली.

गेल्या वर्षी त्यांच्या आई आल्या होत्या, तीन महिन्यांसाठी. बाईंचं सगळं आयुष्य शेतात गेलेलं. मानेसाहेबांनी मोठ्या अभिमानाने त्यांना मागच्या दाराशी नेलं. त्यांनी हिरवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि विचारलं, “येवढं गवात वाढिवलंयस, आन् म्हस कुठाय?”

मी घरात जाऊन हसलो. मानेसाहेबांनी मात्र त्यांना काही दुरुस्त केलं नाही.

नंतर हसण्यासारखं फारसं घडलं नाही. लेक-सून कामावर, नात शाळेत आणि आल्यावर इंग्रजीत. बाई दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीत बसायच्या. मी घरून काम करत असलो की हात हलवायचो, त्याही हलवायच्या. मग जूनमधल्या एका शनिवारी दुपारी त्या हिरवळीवर दिसल्या. अंगणातल्या अवजारांच्या शेडच्या कडेला मानेसाहेबांनी माती उकरून ठेवली होती, तिथे काहीतरी उगवलं होतं आणि बाई वाकून वाकून ते पदरात गोळा करत होत्या. दोन महिन्यांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. “आरं अशोक, हितं चाकवत हाय! ताक हाय का घरात?”

अशोक म्हणजे मानेसाहेब. ते धावत बाहेर आले. “आई, टाक ते! कालच औषध मारलंय त्याच्यावर.” त्यांनी आईच्या पदरातला चाकवत मुठीमुठीने काढला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्यांचं काही चुकलं नव्हतं. विषच होतं ते. बाईंनी पदर झटकला, हात धुतले आणि पुन्हा खिडकीत जाऊन बसल्या. त्या दिवशी मी हात हलवला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. तीन आठवडे आधीचं तिकीट काढायला लावून त्या परत गेल्या.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी मानेसाहेब अंगणात येऊन आईला फोन करतात. बाईंना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर असतो. संवाद ठरलेला.

“आई, यंदा ये ना.”

“काय करू तितं यिऊन? बसून बसून पाय आखडत्यात.”

मग पाऊसपाण्याची चौकशी होते आणि फोन बंद होतो. नंतर मानेसाहेब दाताळं घेऊन बराच वेळ नुसते उभे राहतात. मी कुंपणाशी जात नाही. त्यांची कीव येते आणि ती तोंडावर दिसेल अशी भीती वाटते.

या फेब्रुवारीत गारांमध्ये खरवडणं झालं, भोकं पाडणं झालं, पण औषधाचा पंप काही बाहेर आला नाही. मी विचारलं. “ते मुळातच विषारी असतं,” माने म्हणाले, जणू हे त्यांना मीच आजवर सांगितलं नव्हतं. मार्चअखेर त्यांनी सगळीकडे नवं बी पेरलं, पण शेडच्या कडेचा हातभर पट्टा नुसता उकरून तसाच ठेवला. रोज सकाळी कामावर जाण्याआधी ते त्या मातीपाशी उकिडवे बसायचे. मला वाटलं, यांचं आता काही खरं नाही.

एप्रिल संपता संपता एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. आवाज असा की मी चहा तसाच ठेवून गेलो. पट्ट्यात बोटभर उंचीची, राखट हिरवी रोपं उगवली होती.

“हा चाकवत आहे का?”

“जुडी बांधलेली असती तर सांगितलं असतं,” मी म्हणालो. मंडईपलीकडे माझा आणि चाकवताचा परिचय नव्हता. आणि मानेसाहेब पाचवीतच गाव सोडून आलेले. आम्ही दोघे पन्नाशीकडे झुकलेले इंजिनिअर त्या रोपांकडे बघत राहिलो. शेवटी त्यांनी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन जमिनीशी धरला.

“पान उलटं कर,” बाई म्हणाल्या. “पाठीवर पीठ सांडल्यावानी दिसतंय का?”

मानेसाहेबांनी पान उलटं केलं. पानामागे खरंच पिठासारखी पांढरी भुकटी होती.

“चाकवतच हाय,” बाई म्हणाल्या. “आवशिद मारलंयस?”

“न्हाई आई,” मानेसाहेब म्हणाले. “यंदा न्हाई मारलं.”

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ‘न्हाई’ मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग बाई म्हणाल्या, “मुळासकट उपटू नगंस. म्या येस्तवर नुसता शेंडा खुडत ऱ्हा, म्हंजी फुटवं येत्यात.” आणि नेहमीप्रमाणे निरोप न घेता त्यांनी फोन ठेवला.

मानेसाहेब उकिडवेच बसून होते. “मुळातच...” ते म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांना जमेना. कुठे बघावं ते न कळून मी खाली बघितलं. मी घाईत बूट घालून आलो होतो. नव्या कोवळ्या हिरवळीवर दारापासून शेडपर्यंत माझ्या बुटांचे ठसे उमटले होते. त्यांच्याशेजारून आणखी एका जोडीचे ठसे आले होते, ते मानेसाहेबांच्या बुटांचे. त्यांना त्यातलं काहीच दिसत नव्हतं.

“‘येस्तवर’ म्हणाली ना ती?” त्यांनी विचारलं. “तुम्हीही ऐकलंत ना, कुलकर्णी?”

“ऐकलं,” मी म्हणालो. त्यांनी परत विचारलं, मी परत सांगितलं.