मा. सोनारमाळ गट

पुस्तकांचे गठ्ठे शनिवारी सकाळी घरी आले. पहिलं पुस्तक उघडून अर्पणपत्रिका वाचताच आनंदीबाईंनी हातातला चहा खाली ठेवला. पानावर छापलं होतं, 'माजी सौ. आनंदीबाई यांस, आदरपूर्वक.'

"मी माजी कवापासून झाले?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "आन् आत्ताची कोण हाय?"

जयसिंगआप्पा घाईघाईनं पुढची पानं उलटत होते.

आप्पा जिल्हा परिषदेच्या सोनारमाळ गटाचे शेवटचे सदस्य. खडकवासल्याच्या अलीकडच्या अकरा गावांचा हा गट. गावं महापालिकेत गेली, गट रद्द झाला आणि सोनारमाळ हे नाव नकाशावर कुठेच उरलं नाही. म्हणून आप्पांनी गटाचा इतिहास लिहवून घेतला होता. रविवारी दहा वाजता आमदारांच्या हस्ते प्रकाशन होतं. गावातल्या चौकाला 'सोनारमाळ गट चौक' असं नाव द्यावं, या शिफारसपत्रावर आमदार व्यासपीठावरच सही करणार होते. त्या एका सहीसाठी आप्पांनी दोन वर्षं त्यांच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

आता त्याच आमदारांना पुस्तकानं सतरा ठिकाणी 'माजी आमदार' केलं होतं. निवडणूक चार महिन्यांवर होती.

इतिहासाचे लेखक श्रीनिवास दामले, कोथरूडचे निवृत्त उपसंपादक, तासाभरात स्कूटरवरून हजर झाले. मागच्या सीटवर अक्षरजुळणी करणारी उत्कर्षा होती.

"तुमच्या टिपणांत सगळीकडे 'मा.' होतं," दामले शांतपणे म्हणाले. "छापील मजकुरात संक्षेप ठेवायचा नाही, हा माझा चाळीस वर्षांचा नियम. वर माजी सदस्यांची यादी होती. म्हणून हिला म्हटलं, 'मा.'चं 'माजी' कर."

"सर, मी विचारलं होतं, सगळीकडे करू का," उत्कर्षा म्हणाली. "तुम्ही म्हणालात, अर्धवट काम मला चालत नाही. मग मी रिप्लेस ऑल मारलं."

"अहो, 'मा.' म्हंजी माननीय!" आप्पा ओरडले.

"आणि माजीसुद्धा. फार सोयीचं अक्षर आहे. निवडणूक हरली तरी लेटरहेड बदलावं लागत नाही."

"छापायच्या आधी तपासलं न्हाय का तुम्ही?"

"दोनदा तपासलं. शुद्धलेखनाची एकही चूक सापडणार नाही."

दुपारपर्यंत उत्कर्षानं 'माननीय' अशी स्टिकरं छापून आणली. कोणता माजी खरा आणि कोणता खोटा, याची पानवार यादी करायला दामले बसले. आप्पांना तेवढा दम नव्हता. त्यांनी भावकीतली दहा माणसं ओसरीवर बसवली आणि फर्मावलं, "जिथं माजी दिसंल तिथं चिकटवा. मान दिल्यानं कुणी मरत न्हाय."

रविवारी शाळेचं सभागृह भरलं. आमदारांनी फीत सोडली, पुस्तक मधेच उघडलं आणि माइकवर वाचलं, "'सत्त्याण्णवच्या पराभवानंतर रामदासराव माननीय झाले.'"

सभागृहात हशा पिकला. पहिल्या रांगेतले रामदासराव, आप्पांचे जुने प्रतिस्पर्धी, उठून उभे राहिले.

"बरोबर लिवलंय! निवडून आलो हुतो तवा ह्या जयसिंगानं मला एकदाबी माननीय म्हटलं न्हाय."

दामल्यांनी बुटांकडे पाहिलं. तेवढ्यात शिफारसपत्र पुढे आलं. आमदारांनी पेनाचं टोपण काढलं. स्वीय सहायक कानाशी वाकला, पण माइक चालू होता.

"साहेब, हयात असलेल्याचं नाव चौकाला देता येत नाही. परवाच एक प्रस्ताव त्यावरून परत आलाय."

"गट कसा हयात असेल?"

सहायकानं पहिलं पान दाखवलं. 'माननीय सोनारमाळ गट.' "माजी असता तर काही अडचण नव्हती," तो म्हणाला.

टोपण परत बसलं.

गावात कुणी 'माजी गट' म्हटलं की आप्पा भर रस्त्यात अडवून सांगायचे, गट हाय, फक्त मतदान होत न्हाय. आता साऱ्या गावासमोर ते खालच्या आवाजात म्हणाले, "माजीच हाय, साहेब. स्टिकरखाली तसंच छापलंय. बघा पाहिजे तर."

"बघू," सहायक म्हणाला.

आप्पा आणि सहायक पान खरवडू लागले. स्टिकरची कडा काही नखात येईना. शेवटी आनंदीबाई पदर खोचून व्यासपीठावर चढल्या. "सरका. दोन माणसांना एक कागद निघंना."

समोरच्या पानावर आमदारांचा शुभेच्छा संदेश होता; त्यांच्या नावाआधीच्या स्टिकरखालीही 'माजी'च होतं. दामल्यांनी त्यावर सहज ठेवल्यासारखा तळहात ठेवला.

स्टिकरं मात्र उत्कर्षानं उत्तम प्रतीची आणली होती. आनंदीबाईंनी जोर लावून ओढलं. स्टिकर निघालं, पण कागदाची साल घेऊनच. 'माननीय' गेलं, त्याला चिकटून खालचं 'माजी'ही गेलं. पानावर एक पांढरा चट्टा राहिला आणि त्यापुढे 'सोनारमाळ गट'.

सहायकानं पान उजेडात धरलं. "आता याला काय समजायचं?"

आमदारांनी एकदा पानाकडे, एकदा आप्पांकडे पाहिलं.

"नाव," ते म्हणाले आणि टोपण काढलं.