वसतिगृह फायनल

लातूरला भागवत सरांच्या कोचिंग क्लासमध्ये आलोक प्रश्नपत्रिका टाइप करायचा. प्रश्न सरांचे आणि चुका आलोकच्या, अशी कामाची वाटणी होती. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र तो फावल्या वेळात एक गेम बनवत होता. जुन्या जमान्यातल्यासारखा, जाड ठोकळ्यांच्या चित्रांचा, भुताटकीचा. बंदूक घेऊन अंधाऱ्या इमारतीत फिरायचं आणि भूत दिसलं की गोळी घालायची. इमारत म्हणून त्यानं सरांचं जुनं वसतिगृहच उचललं होतं. कल्पनाशक्तीला फारसा त्रास द्यावा लागला नव्हता.

त्याच सुमारास सरांचं नवं वसतिगृह बांधून होत आलं.

"पालक मेळाव्यात दाखवायला एक फिल्म कर," ते आलोकला म्हणाले. "आपण आतून फिरून राहिलो, असं वाटलं पाहिजे."

आलोकनं फिल्म केली. भरपूर खिडक्या, मागं बाग, बागेत बाकं. फिल्म आणि गेम एकाच पेनड्राइव्हमध्ये होते. फिल्मचं नाव 'वसतिगृह', गेमचं 'वसतिगृह फायनल'.

मेळाव्यात ऐनवेळी माइक बंद पडला. आलोक हॉलच्या मागं वायर जोडत बसला, म्हणून सरांनी स्वतःच लॅपटॉप हातात घेतला. फायनल समोर असताना साधं कोण उघडेल?

पडद्यावर लांबलचक अंधारा कॉरिडॉर आला. दोन्ही बाजूंना बंद दारं. कुठंतरी पाणी ठिबकत होतं. सरही हे पहिल्यांदाच बघत होते, पण पालकांसमोर अडखळायची त्यांना सवय नव्हती.

"तर हे आपलं नवं वसतिगृह," ते म्हणाले.

पहिल्या रांगेत मुखेडहून आलेले शेषेराव होते. शेजारी पत्नी सिंधुबाई आणि नुकतीच दहावी झालेली मुलगी आरती.

"सर, खिडक्या कुठं हायत?" शेषेरावांनी विचारलं.

"खिडकी असली की पोरगं बाहेर बघतं."

शेषेराव बायकोकडं वळले. "बघ, लई इचार करून बांधलंय."

"आन् ते पुढं हातात काय हाय?" सिंधुबाईंनी विचारलं. पडद्याच्या खालच्या बाजूला बंदुकीची नळी डोलत होती.

"बॅटरी. लाईट गेली तरी अभ्यास थांबत नाही आपल्याकडं."

एव्हाना आलोक धावत पुढं पोचला होता. "सर, हे ते नाही," तो सरांच्या कानाशी पुटपुटला.

"गप. लोक बघून राहिलेत."

तेवढ्यात कॉरिडॉरच्या टोकाला एक पांढुरकी आकृती उभी राहिली आणि हळूहळू पुढं येऊ लागली. तिचे डोळे लालभडक होते.

"हे कोण?" उदगीरच्या ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"रेक्टर," सर म्हणाले.

"डोळे असे कशानं?"

"मुलं जागी असेपर्यंत ते झोपत नाहीत."

हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. आलोकनं सरांच्या हातातल्या लॅपटॉपकडं हात नेला, बोट गोळीच्या बटणावर ठेवलं. एका गोळीत भूत आडवं झालं असतं. पण सगळ्या पालकांनी ज्याला नुकतंच रेक्टर म्हणून मान्य केलं, त्याला त्यांच्यादेखत गोळी घालून नोकरी टिकणार नव्हती. त्यानं बोट उचललं. रेक्टर अगदी जवळ आले, त्यांनी जबडा उघडला, एक किंकाळी घुमली आणि पडदा लाल झाला. त्यावर पांढरी अक्षरं उमटली: 'तुम्ही संपलात. पुन्हा प्रयत्न करा.'

सरांनी पडद्याकडं हात केला.

"आणि ही," ते म्हणाले, "आपली रिपीटर बॅच."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

प्रवेशाचे फॉर्म तासाभरात संपले. "आवो, तो माणूस चावायला आल्यावानी करत होता की," सिंधुबाई म्हणाल्या. "शिस्त हाय ती," शेषेराव म्हणाले आणि काउंटरच्या रांगेत उभे राहिले.

आलोकनं केबिनमध्ये जाऊन सरांना सगळं खरं सांगितलं. नोकरी गेलीच, असं धरून त्यानं खरी फिल्मही दाखवली. सरांनी ती शांतपणे शेवटपर्यंत बघितली.

"ही कुणाला दाखवू नको. बाकं बघितली की लोकांना वाटंल, इथं पोरं बसून राहतात." मग त्यांनी ठेकेदाराला फोन लावला. "खिडक्या बुजवून टाका. हाव, सगळ्या."

नोकरी वाचली होती, पण आलोकला त्याचा आनंद होईना. तो बाहेर आला तर कूलरपाशी आरती बाटली भरत होती.

"दादा, तो गेम तुम्ही बनवला का?"

आलोक दचकला. "तुला कसं कळलं?"

"कोपऱ्यात गोळ्यांचा आकडा दिसत होता."

"मग बाबांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं ना. ते म्हणले, सर कशाला खोटं बोलतील?" तिनं बाटलीला झाकण लावलं. "त्यातून बाहेर पडायचं दार कुठं हाय?"

"ते अजून बनवलं नाही."

काउंटरवर शेषेराव वाकून सही करत होते. आरतीनं तिकडं पाहिलं आणि बाटली पिशवीत टाकली.

"मग जरा लवकर बनवा. मी सोमवारी राहायला येऊन राहिले."