पदकावरचा कान

माझ्या मेव्हण्याच्या लग्नात एक निवृत्त फौजदार आले होते. छातीवर मेडलं लावून. पंगत बसायची होती, फौजदारसाहेब कोणाशी तरी बोलत उभे होते आणि आमचे शेजारी नाना टिपणीस तरातरा गेले, त्यांच्या छातीवरचं एक मेडल मुठीत धरलं आणि भिंग काढून त्यावर वाकले. फौजदारसाहेब मेडलाबरोबर पुढे ओढले गेले. कोटाचा खिसा टरकन फाटला.

"कान बघा, कान!" नाना आनंदाने ओरडले.

सासरची माणसं माझ्याकडे बघत होती. नानांना आमंत्रण मी दिलं होतं. माझ्या घशाखाली त्या दिवशी जिलबी उतरली नाही.

मुलुंडला आम्ही एकाच इमारतीत, समोरासमोर राहायचो. नाना विमा कंपनीत नोकरीला होते. माणूस सरळ, निर्व्यसनी, पण समारंभाची जुनी पदकं म्हटली की ताळतंत्र सुटायचं. ती जमवण्याची त्यांना हौस नव्हती. पदक कोणी घडवलं, एवढंच त्यांना हवं असायचं. अशा पदकांवर ज्याचा समारंभ त्याचं नाव असतं, देणगीदाराचं असतं, कधी कधी छापणाऱ्या कारखान्याचंसुद्धा असतं. ज्याने आधी मातीत पदकावरचा चेहरा घडवला, त्याचं नाव बहुतेक वेळा नसतंच.

"बेवारस आहे हो हे," नाना हळहळत म्हणायचे, रस्त्यावर सापडलेल्या पोराविषयी बोलावं तसं.

त्यांचं शास्त्र एका वाक्याचं होतं. नाक, डोळे, मिशी गिऱ्हाइकाची; कान मात्र घडवणाऱ्याचा. "कानाकडे कोणी बघत नाही सेक्रेटरी, म्हणून तिथे हात खोटं बोलत नाही." मी वाचनालयाचा सेक्रेटरी होतो, त्यामुळे ते मला त्याच नावाने हाक मारत. हे शास्त्र पाठ झाल्यापासून मलाही वाईट खोड लागली. ऑफिसात साहेब रागावत असले की मी त्यांच्या कानाच्या पाळ्या बघत बसायचो.

एकदा सकाळी नाना आमच्या दारात. हातात घुगऱ्यांची वाटी.

"घ्या वहिनी, बारसं आहे आमच्याकडे!"

नाना पन्नाशीचे, काकूही चाळिशी उलटलेल्या, घरात मूलबाळ नाही. आमच्या हिच्या हातातली कपबशी खाली पडली. मीसुद्धा गांगरून "अभिनंदन, काकूंची तब्येत कशी आहे?" असं विचारून बसलो. मग कळलं, कुत्र्यांच्या कुठल्याशा प्रदर्शनाचं एक पदक होतं, त्याचा शिल्पकार सापडला होता. सापडला की नाव ठेवायचं आणि घुगऱ्या वाटायच्या, असा नानांचा रिवाज. घुगऱ्या काकू करत. उत्तम करत. काही बोलत मात्र नसत.

एका पदकाचं बारसं तेवढं राहिलं होतं, आणि ते नेमकं आमच्या वाचनालयाचं! दुसऱ्या महायुद्धाच्या आधी वाचनालयाचा रौप्यमहोत्सव झाला, तेव्हा संस्थापक रावबहादुरांचा चेहरा असलेलं ब्राँझचं पदक काढलं होतं. त्यावर शिल्पकार खांबेट्यांचं नाव नव्हतं, पण ते त्यांचंच, हे सगळ्या मुंबईला ठाऊक होतं. खांबेट्यांचं नाव झालं तेच त्या पदकामुळे. नाना म्हणत, "हे खांबेट्यांचं नाही. हे सिद्ध झाल्याशिवाय मी डोळे मिटणार नाही." मग कोणाचं, असं विचारलं की गप्प. भिंग पुसत बसायचे.

वाचनालयाचा नवा हॉल झाला आणि उद्घाटनाला खुद्द खांबेटेच यायचे ठरले. मी नानांचे हात धरले. म्हटलं, "नाना, तुमच्या पाया पडतो, त्या दिवशी तोंड उघडू नका." नाना म्हणाले, "बघू."



समारंभाला हॉल भरला होता, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. मी ते पदक मखमलीवर ठेवून पुढे आणलं आणि म्हणालो, "खांबेटेसाहेबांच्या हातची ही कलाकृती..."

"थांबा सेक्रेटरी. हे यांच्या हातचं नाही."

नाना उभे होते. अध्यक्षांच्या हातातला हार तसाच अधांतरी राहिला. पाहुण्यांचा असा अपमान! वाचनालयाला मिळायची देणगी गेली, माझी अब्रू गेली, सगळं गेलं.

म्हातारे खांबेटे शांतपणे म्हणाले, "कशावरून?"

"तुमच्या प्रत्येक कानाची पाळी सुटी असते. ही गालाला चिकटलेली आहे. आणि कानामागचा केस बोटाने ओढलाय. तुम्ही कोरणीने ओढता."

खांबेट्यांनी पदक हातात घेतलं, चष्मा काढला आणि त्या कानावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "बरोबर आहे. माझ्या वर्गात एक मुलगी होती. माती तिची. पदक गाजलं आणि मी गप्प बसलो. पुढे लाज वाटून शोधलं तिला, पण लग्न होऊन गेली होती. नाव बदललेलं, कुठे शोधणार? वत्सला... आडनावही आठवत नाही आता."

मला वाटलं, नाना आता विजयाने ओरडणार. पण त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. चारचौघांत बायकोचं नाव घेण्याची आमच्यात कोणाला सवय होती?

"चौबळ," ते कसंबसं म्हणाले. "कुमारी वत्सला चौबळ. तसंच लिहा. टिपणीस लावू नका. ही माती मळली तेव्हा माझा काही संबंध नव्हता."

सगळा हॉल बायकांच्या बाजूला वळला. मी आ वासून बघत राहिलो. घुगऱ्या करणाऱ्या आमच्या काकू! मागाहून कळलं ते असं: नानांनी लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला त्यांच्या हातचा मातीचा मुखवटा पाहिला होता, आणि पुढे वाचनालयात हे पदक. दोन्हीकडे कान तोच. विचारलं तर काकू म्हणाल्या होत्या, "ते गुरुजींचं आहे," आणि आत निघून गेल्या होत्या. नुसतं बायकोचं कौतुक म्हणून लोक हसतील, म्हणून हा माणूस इतकी वर्षं परक्यांची मेडलं ओढत शास्त्र शिकत होता. आणि मी त्याला चक्रम समजत होतो.

काकू उठल्या. चेहरा पांढराफटक. खांबेट्यांच्या पाया पडायला वाकल्या, तर ते मागे सरले आणि त्यांनीच हात जोडले. मग काकू नानांकडे वळल्या.

"एवढं ठाऊक होतं तुम्हाला, तर कधी एक पोतं शाडू आणून द्यायला काय झालं होतं?"



पुढच्या रविवारी भांडुपच्या गणपतीच्या कारखान्यातून नाना शाडूचं पोतं घेऊन आले. हमाल न करता स्वतःच्या खांद्यावर. जिन्यात मी हात द्यायला गेलो तर त्यांनी लावू दिला नाही. अंगभर माती, डोळे लाल झालेले.

"काय करणार आहेत काकू?" मी विचारलं.

"ते तिला ठाऊक. मी नाही विचारणार," नाना म्हणाले आणि पोतं सावरत एकेक पायरी चढू लागले.