नातवाचं पाळीपत्रक

कुशाबाच्या पाळीपत्रकावर बोट ठेवील असा माणूस महाळुंगे पडवळात अजून जन्माला यायचा होता. तो जन्माला आला, आणि नेमका कुशाबाच्याच घरात आला.

कुशाबा पाटकरी. डिंभे धरणाचं आवर्तन सुटलं की कालव्याच्या चारीचं पाणी कोणाच्या वावरात किती वाजता शिरायचं आणि किती वाजता बंद व्हायचं, हे तो अठ्ठावीस वर्षं ठरवत आला होता. आपल्या चारीवर एकदाही फावडं उगारलं गेलं नाही, हे तो माणसाला पहिल्या भेटीत सांगायचा आणि दुसऱ्या भेटीत पुन्हा सांगायचा.

लेक रत्ना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगा झाला. पोर मोठं गोड, पण वेळेचं भान म्हणून नाही. घटकाभर प्यायचं, डुलकी काढायचं आणि पुन्हा भोकाड पसरायचं. वीस दिवस कुशाबाने कळ काढली. एकविसाव्या दिवशी त्याने वहीचं पान फाडलं, पट्टीने रेघा मारल्या, सहा, नऊ, बारा, तीन अशा पाळ्या लिहिल्या आणि बाळंतिणीच्या खोलीच्या दारावर कागद डकवून दिला. खाली सही केली, तारीखही टाकली.

रत्ना वाचून हसली. मागेल तेव्हा पाज, घड्याळाकडे बघू नकोस, असं तिला दवाखान्यातच सांगितलं होतं. कुशाबाची बायको ठकूबाई हिने तर तो कागद वाचायचेही कष्ट घेतले नाहीत. नवऱ्याचं बारीक लाल काठाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर तीन आठवडे सापडत नव्हतं आणि तो रोज तिच्यामागे लागत होता. तिला तेवढा ताप पुरेसा होता.

आता आपलं पत्रक पाळलं जातं की नाही, हे बघणार कसं? बाळंतिणीच्या खोलीत काही त्याला जाता येईना. मग तो खडू घेऊन ओट्यावर बसला. रडणं सुरू झालं आणि थांबलं की पाळी झाली, असं धरून तो चौकटीवर एक रेघ ओढायचा. दिवेलागणीला मोजल्या तर रेघा अकरा! रात्रीच्या वेगळ्याच, त्या त्याने झोपेपायी सोडून दिल्या.

अकरा रेघा कुशाबाने पुन्हा मोजल्या. त्याच्या धंद्यात याचा अर्थ एकच होता. जे वावर दिवसातून अकरा वेळा पाणी मागतं, त्या वावरापर्यंत पाणी पोचतच नाही. म्हणजे लेकीचं दूध पोराला पुरत नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. ठकूबाईला विचारावं तर शरम वाटत होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी चारीवर त्याने ते गेणभाऊला सांगितलं, आणि कोणाला बोलू नको म्हणून बजावलं. गेणभाऊचं वावर चारीच्या अगदी टेलला, शेवटच्या टोकाला. त्याची पाळी यायला अजून आठ दिवस होते, त्यामुळे बोलायला त्याच्याकडे वेळच वेळ होता.

दुपारपर्यंत घरात अळिवाच्या लाडवांचे पाच डबे आले. पोराला उपाशी ठेवू नका असं म्हणत शेजारच्या अंबाबाईने आपली दुभती शेळी अंगणातल्या खांबाला आणून बांधली. गावातल्याच कोणीतरी जुन्नरला रत्नाच्या सासरी फोन केला. चार वाजता रत्नाची सासू साळुबाई पावडरच्या दुधाचा डबा कवटाळून जीपमधून उतरली आणि सरळ चुलीकडे पाणी तापवायला गेली.

इतका वेळ हसणाऱ्या रत्नाने तो डबा बघितला. तिचे डोळे भरून आले.

"इतकं दिस माझं पोर उपाशी व्हतं का गं, आई?"

ओट्यावर बसलेल्या कुशाबाने ते ऐकलं आणि खडू हळूच खिशात घातला.

तेवढ्यात उपकेंद्रातली जास्मिन सिस्टर वजन घ्यायला आली. तिने आधी शेळी बघितली, मग डबा बघितला, आणि पोराला काट्याच्या झोळीत टांगलं. जन्मताना पावणेतीन किलो भरलेलं पोर आज साडेतीन भरलं. डबा बाजूला ठेवून ती साळुबाईला समजावू लागली. एवढ्याशा जिवाचं पोटही एवढंसंच असतं, ते दिवसरात्रीत दहा-बारा वेळा, कधी त्याहून जास्त वेळाही पितं, आणि ते जितकं ओढेल तितकं आईला दूध येतं.

"अकरा येळा, सिस्टर," कुशाबा बाहेरून म्हणाला. "नुसत्या दिसाच्या. मी सोता मोजल्यात."

सिस्टरने चौकटीवरच्या रेघा बघितल्या. "अण्णा, चारीचं पाणी शेवटपर्यंत पोचलं का, हे तुम्ही कुठं बघता?"

"टेलला जाऊन."

"मग तिथं गेला होता का?" असं म्हणत तिने परसाकडे बोट केलं.

कुशाबा परसात गेला. दोरीवर लंगोटं वाळत होती, एकूण चौदा. पाच तर अजून ठिबकत होती. त्याने एक हातात धरलं. त्याला बारीक लाल काठ होता. दुसऱ्यालाही होता. तीन आठवडे शोधत असलेलं धोतर त्याला एकदम सापडलं, चौदा तुकड्यांत. पाणी टेलला पोचत होतं, रोज पोचत होतं, आणि ते त्याच्याच धोतरावर.

तो परत आला तेव्हा पोराने पुन्हा सूर लावला होता. रत्नाने डोळे पुसले, त्याला उचललं आणि दार लावून घेतलं. रडणं थांबलं. साळुबाईने चूल विझवली आणि एक लाडू तोंडात टाकला. कुशाबाने दारावरचा कागद काढला, पाठीमागे मोठ्या अक्षरात "मागेल तेव्हा" असं लिहिलं, सही-तारखेसह परत डकवला आणि मोकळा झाला.

सकाळी गेणभाऊ ओट्यावर चहाला बसला असता त्याची नजर त्या कागदावर गेली. त्याने तो दोनदा वाचला.

"अण्णा, ही सई तुमचीच ना?"

"माझीच की."

"मंग आमाला आठ-आठ दिसांनी पाळी कशापायी? पाण्यासाठी नुसतं रडायचंच असंल, तर आमी टेलवालं काय कमी रडतो का?"

कुशाबा उठला आणि वाळलेली लंगोटं काढायला परसात गेला.