हल्लेखोर: काळी शेळी, एक

मंगळवारी सकाळी काइदच्या काळ्या शेळीने मुसन्नाच्या मळ्यातली गातची अकरा झुडपं ओरबाडून खाल्ली. येमेनच्या डोंगरांतल्या बनी सवाद खोऱ्यात त्या आठवड्यात घडलेली ही एकमेव घटना. गात म्हणजे दुपारी गालात धरून चघळायचा पाला. अख्ख्या खोऱ्याची दुपार त्याच्यावर चालते, त्यामुळे प्रकरण गंभीर होतं.

ते रीतीप्रमाणे मिटलं. चूक काइदकडची, म्हणून त्याच्या भाऊबंदांनी नऊ बंदुका आणून शेख जुबरानच्या पुढ्यात ठेवल्या. याचा अर्थ एवढाच, की तुम्ही द्याल तो निवाडा मान्य. शेखने बैल कापायला लावला, दोन्ही घराणी एका ताटात जेवली आणि बंदुका ज्याच्या त्याच्या घरी परत गेल्या. मुसन्ना तर काइदला म्हणाला, "तुझ्या शेळीची पारख मात्र चोख हं! जून पानाला तिने तोंडसुद्धा लावलं नाही."

इथेच सगळं संपायचं. पण खोऱ्यात मुकबिलमास्तर होते. शाळा बंद पडल्यापासून ते एका मोठ्या परदेशी संस्थेचे क्षेत्र-वार्ताहर झाले होते. दर गुरुवारी टेकडीवर चढून, फोनला रेंज मिळाली की 'सुरक्षा व सामाजिक आव्हाने' हा अहवाल पाठवायचा, हे त्यांचं काम. संस्थेने खोऱ्याला पाण्याचा पंप कबूल केला होता. मास्तरांची बायको हुरिया दिवसातून दोनदा खालच्या झऱ्यावरून वीस लिटरचा कॅन डोक्यावर घेऊन चढायची, आणि तिचे गुडघे आता बोलायला लागले होते. मास्तरांना त्या पंपाखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं.

अहवाल तपासायला संस्थेचे वजदीसाहेब फोनवर आले.

"हल्लेखोर कुठल्या गटाचा?"

"शेळी आहे, साहेब."

"ते कळलं. कुणाच्या बाजूची?"

"काइदच्या."

"म्हणजे स्थानिक सशस्त्र गट. बंदुका किती हलल्या?"

"नऊ. पण परत गेल्या हो."

"म्हणजे अठरा. जाताना नऊ, येताना नऊ. जीवितहानी?"

"बैल."

"एक," असं पुटपुटत वजदींनी लिहून घेतलं.

"साहेब, पण भांडण मिटलं ना!"

"मिटलं असा रकाना नाही, मास्तर. तो ठेवला तर आमच्या खात्याने करायचं काय?"

शनिवारी संस्थेच्या नकाशावर बनी सवाद लाल झालं. लाल भागात संस्थेची गाडी जात नाही, आणि गाडीशिवाय पंप जात नाही.

"अहो मास्तर," हुरिया म्हणाली, "बंदुका मोजायची हौस कुणाला होती? सगळे पोटभर जेवले, एवढं लिहायला हात दुखत होता का?"

पुढच्या गुरुवारी मास्तरांनी लिहिलं, 'काहीही घडलं नाही.' खोरं हिरवं झालं. संस्थेने अभिनंदनाचं पत्र पाठवून कळवलं, की हिरव्या भागाला मदतीची गरज नसते.

मग शेखच्या दिवाणखान्यात, गालात गात धरून, सगळ्या पुरुषांनी विचार केला. लाल नको, हिरवा नको, पिवळा पाहिजे. म्हणजे आठवड्याला एक बेताचं भांडण. शेखने पाळ्या लावून दिल्या. पहिल्या आठवड्यात दोन भाऊ बांधावरून ओरडले. दुसऱ्यात मुसन्नाने काइदची पगडी उडवली आणि उचलूनही दिली. चाळीस वर्षांत आवाज न चढवलेल्या म्हाताऱ्या सालेहने पाळी येण्याआधी आठ दिवस गाढवावर सराव केला. एकदा पाळी कुणी चुकवली यावरून खरंच जुंपली. पण ती हाणामारी नियोजनाबाहेरची म्हणून अहवालात धरली नाही.

आठ आठवडे खोरं पिवळंधमक राहिलं. नवव्या आठवड्यात वजदीसाहेब स्वतः पाहणीला आले, पांढऱ्या गाडीतून. शेखच्या दिवाणखान्यात सलत्याचा कढत रस्सा ओरपून, मधाची पोळी संपवून त्यांनी निर्णय सांगितला.

"परिस्थिती स्थिर आहे. याचा अर्थ तुमचं पंपाशिवाय उत्तम चाललंय."

मास्तरांचा चेहरा उतरला. तेवढ्यात हुरिया झऱ्यावरून आली. तिने दारातून सगळं ऐकलं होतं. सरळ आत येऊन तिने भरलेला कॅन साहेबांपुढे ठेवला.

"हा उंबऱ्यापर्यंत नेऊन दाखवा, साहेब. मग स्थिर म्हणा."

वजदींनी कॅन उचलला. तीन पावलांवर तो पाण्यासकट त्यांच्याच बुटांवर आला. बैठक खो खो हसली. शेख मात्र हसला नाही.

"चूक कुणाची?" त्याने विचारलं.

"साहेबांची," सगळे एका सुरात म्हणाले.

"मग पुढ्यात काहीतरी ठेवावं लागेल, बाबा."

वजदींकडे बंदूक नव्हती. पण तेही अशाच एका खोऱ्यातले. आजोबांना असं करताना त्यांनी पाहिलं होतं. हात आपोआप खिशात गेला आणि गाडीची किल्ली शेखपुढे आली. शेखने ती कमरेला, खंजिराशेजारी खोचली.

साहेब चार दिवस राहिले. रोज वेगळ्या घरी जेवले, गात चघळायला शिकले, आणि टेकडीवर चढून आयुष्यात पहिल्यांदा कुठलाही अर्ज न भरता म्हणाले, "पंप पाठवा." पाचव्या दिवशी पंप आला. ट्रकवाल्याने भीत भीत विचारलं, "हा भाग कुठल्या रंगाचा?"

"दगडाच्या," शेख म्हणाला, आणि किल्ली परत दिली.

गुरुवार होताच. मास्तर लिहायला बसले, 'चूक कबूल झाली, भरपाई मिळाली.' रकाना सापडेना. शेवटी वजदींनीच फोन हातात घेतला आणि फुगलेल्या गालाने सांगत सांगत भरलं, "वाहन जप्त, एक. अधिकारी रोखून धरला, चार दिवस. संस्थेची यंत्रसामग्री सशस्त्र गटाच्या हाती, पंप एक."

"अहो साहेब, तो अधिकारी म्हणजे तुम्हीच ना!"

"मास्तर, जेवढे रकाने, तेवढंच घडतं."

तो अहवाल संस्थेच्या इतिहासात सर्वांत जास्त वाचला गेला. दूरदूरच्या वर्तमानपत्रांनी तो उचलला. तुम्हीही वाचला असेल, सकाळच्या चहाबरोबर. 'अरेरे, कसे राहत असतील तिथे लोक!' असं म्हणून तुम्ही क्रिकेटचं पान उघडलंत. त्याच वेळी हुरिया दारातल्या नळाखाली कॅन लावून, गुडघे पसरून ऐटीत बसली होती, आणि काळी शेळी सांडलेलं पाणी पीत होती. नळाला पाणी आलं, हे बातमीत नव्हतं. तुम्हीही कुणाला विचारलं नाहीत.