इंजिनाला विश्रांती देण्याचा परवाना

घड्याळजींच्या मोटारसायकलचे इंजिन चौकातल्या लाल दिव्याला तापत असे, ही बाब तशी गंभीर नव्हती. इंजिने तापतातच. पण मोटारसायकल घड्याळजींची नव्हती, सासऱ्यांची होती, आणि सासरे जन्मभर गॅरेज चालवून निवृत्त झालेले होते. त्यामुळे बाब गंभीर होती.

गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा सासऱ्यांनी गाडी जावयाच्या हवाली केली आणि अर्धा तास सूचना दिल्या.

"जावईबापू, हे इंजिन वाऱ्यावर थंड होतं. गाडी चालली तर वारा. गर्दीत उभ्या जागी चालू ठेवलंत, तर भर उन्हात रजई पांघरून बसवल्यासारखं होईल त्याला. लाल दिवा लागला की बंद. अर्धा क्लच दाबून रांगायचं नाही. ऑइल दर रविवारी बघायचं. छत्तीस वर्षांत हे इंजिन मी एकदाही उघडलेलं नाही. तुमच्या हाती उघडावं लागलं, तर आपलं बोलणं संपलं."

"बाबा, मला सासरी पाठवताना तुम्ही इतकं सांगितलं नव्हतंत," घड्याळजींची बायको म्हणाली.

"तू वाऱ्यावर थंड होत नाहीस," सासरे म्हणाले.

घड्याळजी नेमस्त माणूस. घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या वाटेवरच्या चौकात लाल दिवा एकशे नव्वद सेकंद टिकतो, हे त्यांनी मोजून ठेवले होते. लाल लागला की ते चावी फिरवत, आणि हिरव्याला तीन सेकंद उरले की किक मारत. गाडी एका किकेत सुरू होई. क्वचित, अगदी क्वचित, दुसरी मारावी लागे आणि हिरव्यातला दीड सेकंद जाई.

त्या दीड सेकंदाने घात केला.

"बाजूला घ्या," एके सकाळी वाहतूक हवालदार म्हणाला. "इंजिन बंद का होतं?"

"लाल दिवा होता."

"लाल दिव्याला थांबायचं असतं. बंद करायला कुणी सांगितलं? इंजिन बंद करून रस्त्यात बसलेल्या गाडीला काय म्हणतात?"

"थांबलेली?"

"पार्क केलेली. भर चौकात! वर तुमच्या नावाची तक्रारही आली आहे."

हवालदाराने खिशातून कागद काढला. 'पुढील इसमाने हिरव्या दिव्याचा दीड सेकंद वाया घालवला. सर्वांचा खोळंबा झाला. आपला, एक जागरूक नागरिक.' खाली सही नव्हती. मोजमाप मात्र अचूक होते, हे घड्याळजींना मनातल्या मनात मान्य करावे लागले.

वाहतूक कार्यालयातले साहेब सज्जन निघाले. त्यांनी बसायला खुर्ची दिली, नियमांचे पुस्तक उघडले आणि चष्मा पुसून ते शेवटपर्यंत चाळले.

"लाल दिव्याला इंजिन बंद करू नये, असं कुठेही लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"मग झालं तर!"

"करावं, असंही लिहिलेलं नाही. तुम्ही रीतसर अर्ज करा. म्हणजे आम्हालाही कळेल, काय करायचं ते."

"असा अर्ज आजवर कुणी केलाय?"

"कुणीच नाही. नशीबवान आहात, रांग नाही."

तीन दिवसांत 'इंजिन-विश्रांती परवान्या'चा नऊ पानी अर्ज तयार झाला. त्यात इंजिनाचे वय, पूर्वीची आजारपणे आणि विश्रांतीची गरज का वाटते, असे रकाने होते. 'इंजिनाशी अर्जदाराचे नाते' या रकान्यात घड्याळजींनी 'सासऱ्यांकडून' असे लिहिले. अर्ज प्रथमदर्शनी योग्य ठरला. फक्त इंजिन खरोखर तापते याचा पुरावा हवा होता. त्यासाठी त्याच चौकात, अधिकाऱ्यांसमक्ष, इंजिन सलग वीस मिनिटे उभ्या जागी चालू ठेवायचे होते.

"अहो साहेब, पण ते तापू नये म्हणूनच तर..."

"बंद केलंत तर तापणार नाही. आणि तापत नसेल, तर परवाना कशाला?"

याचे उत्तर घड्याळजी घरी येऊनही शोधत राहिले.

तपासणीसाठी चौकात टेबल मांडण्यात आले. तापमापक उन्हाने तापू नये म्हणून त्यावर मोठी छत्री उभारण्यात आली. टेबल आणि छत्री मिळून रस्त्याची एक बाजू गेली. वाहतूक आणखी रेंगाळली, त्यामुळे मागच्यांची इंजिने तापू लागली, आणि त्यांनीही अर्ज केले. ते अर्जदार आपापली इंजिने घेऊन टेबलापुढे रांगेत उभे राहिले. आठवड्याभरात एक समिती नेमली गेली. तिने पाहणी करून निष्कर्ष काढला की, वाहतूक रेंगाळल्याने इंजिने तापतात.

उपाय म्हणून चौकाच्या मधोमध एक अजस्र पंखा बसवण्यात आला. त्याच्या चौथऱ्यात रस्त्याची दुसरी बाजू गेली. पंख्याची मोटर सलग चालून तापते असे आढळल्यावर, लाल दिवा असेपर्यंत पंखा बंद ठेवावा, असा आदेश निघाला.

"त्याला परवाना लागत नाही वाटतं?" घड्याळजींनी विचारले.

"तो सरकारी आहे," साहेब म्हणाले. "शिवाय त्याच्या मागे उभं राहून कुणी हॉर्न वाजवत नाही."

शुक्रवारी घड्याळजींची पाळी आली. अकराव्या मिनिटाला ऑइलचा जळका वास सुटला. चौदाव्याला आतून बारीक टिकटिक ऐकू येऊ लागली. चालत्या यंत्राची टिकटिक वेगळी आणि थांबण्याआधीची वेगळी, हे घड्याळजींच्या कानाला कुणी शिकवायला नको होते.

"साहेब, पाया पडतो, बंद करू द्या. सासऱ्यांची गाडी आहे हो!"

"सहाच मिनिटं उरली आहेत. आता बंद केलंत, तर पुन्हा पहिल्यापासून."

सतराव्या मिनिटाला इंजिन आपले आपणच बंद पडले. आत पिस्टन चिकटला होता. घड्याळजी किकेवर सगळ्या देहानिशी उभे राहिले, तरी ती तसूभर खाली जाईना. लिपिकाने नोंद केली: 'अर्जदाराचे इंजिन खरोखर तापते.' शिक्का बसला आणि परवाना हातात पडला. त्यावर लिहिले होते, 'सदर इंजिन लाल दिव्याला बंद ठेवण्यास हरकत नाही. हिरव्या दिव्याकरिता स्वतंत्र अर्ज करावा.'

घड्याळजी गाडी ढकलत निघाले. ते खोळंबलेल्या गाड्यांच्या फटींतून सर्वांच्या आधी पलीकडे पोहोचले, हे साहेबांच्या नजरेतून सुटले नाही. सोमवारपासून चौकात फलक लावायचे ठरले: 'वाहन ढकला, इंजिन थंड ठेवा.'

पण त्याआधी रविवार होता. सासरे ऑइल बघायला आले. त्यांनी आधी इंजिनावर पंजा टेकला.

"गार आहे. शाबास, जावईबापू!"

मग त्यांनी किकेवर पाय ठेवला. पाय जिथे ठेवला तिथेच राहिला. चहा घेऊन आलेली बायको दारातूनच कपांसकट परत फिरली.

घड्याळजींनी परवाना आणि तक्रारीची नक्कल पुढे केली. सासऱ्यांनी दोन्ही कागद दोनदा वाचले.

"तुमची चूक नाही," ते अखेर म्हणाले. "इंजिन उघडू. आपलं बोलणंही चालू राहील. पण आधी मला हा नागरिक दाखवा. दीड सेकंद धीर नाही? माणूस आहे की कोण?"

दोघे रिक्षाने चौकात निघाले. लाल दिवा लागला. सासऱ्यांनी डाव्या-उजव्या गाडीतल्या प्रत्येकाचे तोंड न्याहाळले आणि प्रत्येकाविषयी प्रतिकूल मत बनवले. एकशे नव्वद सेकंद सरले. हिरवा लागला. पुढचा मोटारसायकलवाला जागचा हलला नाही.

रिक्षावाल्याने हात उचलण्याआधीच सासरे त्याच्या खांद्यावरून वाकले आणि त्यांनी स्वतः हॉर्न दाबून धरला.

"अहो पुढचे, झोपलात काय?"

घड्याळजींनी मनगटाकडे पाहिले.

"बाबा," ते हळूच म्हणाले, "एकच सेकंद झाला होता. अजून अर्धा बाकी होता."

सासरे घरी पोहोचेपर्यंत बाहेर बघत राहिले. मग त्यांनी पाने काढले आणि इंजिन उघडले.

ती तक्रार अजून फाइलीत आहे. अक्षर कुणाचे, हे ओळखायला कुणीही यावे. कार्यालय सर्वांना खुले आहे. तुम्हीही त्याच वाटेने जात असालच. फक्त आधी तो अंगठा हॉर्नवरून उचला. पुढचा माणूस दुसरी किक मारतो आहे.