हन्नामावशीचा शनिवार

मी जोश्यांची सून होऊन बोर्लीत आले, तेव्हा शेजारच्या हन्नामावशीने आधी माहेरचं आडनाव विचारलं. "कुलकर्णी," मी म्हटलं. "अगं बाई, म्हणजे दोन्हीकडून बिनगावची," ती हळहळली. आडनावात गाव नसलेल्या माणसाची तिला मनापासून कीव येई. ती स्वतः बोर्लीकर.

मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. गाव त्यांना शनवारतेली म्हणे. नवरा गेल्यावर तेलाचा घाणा तीच चालवी. शनिवारी मात्र घाणा बंद; त्या दिवशी काम करायचं नाही, हा त्यांच्या देवाचा हुकूम. त्या दिवशी बैल उभा दिसला तर "बस की मेल्या, आज तुलाही हुकूम आहे," असं त्याला दटावी. तिच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याला फुटलं होतं. कधी, ते तिला ठाऊक नव्हतं. "तेव्हा इथं विचारायला तरी कोण होतं?" म्हणायची.

एका वर्षी गावाला नवे खोत आले, घाटावरचे. त्यांनी आपल्या सोयीसाठी मंगळवारचा बाजार शनिवारवर नेला. मावशी चावडीवर गेली. खोत म्हणाले, "बाहेरून आलेल्या एका बाईसाठी गावानं अडून राहायचं काय?"

"खोत, तुम्ही बैलगाडीतून आलात ना?" मावशीने विचारलं. "चाकं अजून गरम असतील. जरा निवू द्या."

बाजार शनिवारीच भरला. मावशी ठेवणीतलं नऊवारी लुगडं नेसून दाराला कडी घालून ओटीवर बसली. गावात दुसरा घाणा नव्हता. डोंगराकडचे कुणबी बाटल्या घेऊन आले.

"मावशे, तेल हाय?"

"हाय. उद्या."

"उद्या बाजार न्हाय."

"ते खोतांना सांग."

पुढच्या शनिवारी खोतीणबाईंचा गडी धावत आला. घरी पाहुणे, तळण अडलं होतं. "उकडीचं घाला म्हणावं," मावशी म्हणाली आणि पदराने वारा घेत राहिली.

हळूहळू कुणबी शनिवारी यायचे थांबले. माणसंच नाहीत म्हटल्यावर भाजीवाल्यांनी, मग कासारांनी कुरकुर केली. दिवाळीच्या आत बाजार मंगळवारवर आला. मावशीने खोतांकडे वर एक माप तेल फुकट पाठवलं. "पाहुणे गेले का, विचार," असंही गड्याला सांगितलं.

तिच्या समाजातली बाकीची घरं तोवर मुंबईला गेली होती. मुलगाही गिरणीत लागला होता. तो न्यायला आला की ती म्हणे, "घाणा बोटीत चढवून दाखव, मग येते."

एका शुक्रवारी तिन्हीसांजेला, तिचा शनिवार सुरू होतो त्या वेळी, मी तिची वाटी परत द्यायला गेले. टांगता दिवा लावून, डोक्यावर पदर घेऊन ती हिब्रूत प्रार्थना म्हणत होती. प्रार्थना संपली तरी तशीच उभी राहिली.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही गं. इथं घरातल्यांनी आमेन म्हणायचं असतं. मुलगा म्हणायचा."

मी उंबऱ्याशीच उभी होते. घरी सासूबाई काय म्हणतील, हे क्षणभर मनात आलं.

"आमेन," मी म्हटलं.

ती वळली नाही. पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी जरा मोठ्यानं म्हण."